ताबा दिला, असं लिहू नका

आमच्या खरेदीखताच्या नवव्या पानावर एक वाक्य आहे. "लिहून देणार यांनी सदर मिळकतीचा प्रत्यक्ष, खुला व निर्वेध ताबा आजरोजी लिहून घेणार यांना दिलेला आहे." खाली सह्या, अंगठे, साक्षीदार, दुय्यम निबंधकांचा शिक्का. हे वाक्य खोटं होतं, आणि त्या दिवशी टेबलाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. विकणारे काका-काकू संध्याकाळी त्याच घरात परत जाऊन कुकर लावणार होते. किल्ली त्यांच्याच खिशात होती.

२०१७ सालची गोष्ट. पुण्यातला दोन खोल्यांचा जुना फ्लॅट, आमचं पहिलं घर. काका-काकूंनी शहराच्या टोकाला नव्या इमारतीत घर घेतलं होतं आणि बिल्डरने त्यांना दसऱ्याचा वायदा दिला होता. "दोन महिने राहू द्या गं, दिवाळीच्या आत जातो," काकू म्हणाल्या. आम्ही हो म्हटलं. आईच्या वयाच्या बाईला कोण नाही म्हणेल? भाड्याचं बोलणं झालं नाही, तारखेचं झालं नाही, कागद तर कुणाच्या डोक्यातही आला नाही. दलाल म्हणाला, चांगली माणसं आहेत. ती होतीच.

दोन महिन्यांचे आठ झाले. आमचा हप्ता ३९,०००, राहत होतो त्या घराचं भाडं १६,०००. दिवाळी गेली, संक्रांत गेली. काका फोन उचलायचे, मग कमी उचलायला लागले, मग काकूच उचलायच्या आणि रडायच्या. त्यांचा बिल्डर त्यांना पुढची तारीख देत होता, ते आम्हाला देत होते. एका रात्री आम्ही दोघं त्या इमारतीखाली गाडी लावून आमच्याच घराच्या खिडकीतला दिवा बघत बसलो होतो. त्या वेळी मनात जे आलं, ते आठवलं की आजही बरं वाटत नाही. शेवटी ताबा मिळाला तेव्हा कुणी कुणाकडे बघितलं नाही. काकूंनी ओट्यावर नारळ ठेवला होता. तो आम्ही फोडलाच नाही.

हे सगळं सांगायचं कारण, घर विकल्यावर विकणाऱ्याने काही काळ तिथेच राहणं ही अडचण आता अपवादाची उरलेली नाही. पुणे, ठाणे, नाशिक, जिथे जिथे जुनी घरं विकून लोक नवी घेतात, तिथे ती घरोघरी आहे. माझं म्हणणं असं की ही सोय असलीच पाहिजे, आणि ती खरेदीखतात उजेडात असली पाहिजे. आज आपण ती देतो, पण लपवून देतो. त्या लपवण्यातून जे होतं त्याचा भुर्दंड दोन्ही कुटुंबं भरतात.

अडचण येते कुठून ते बघा. मध्यमवर्गीय माणसाचं नवं घर जुन्या घराच्या पैशातून होतं. जुन्या घराचा मोठा पैसा म्हणजे घेणाऱ्याच्या बँकेचं कर्ज, आणि बँक ते खरेदीखताच्या दिवशीच हातात देते, आधी नाही. म्हणजे विकणाऱ्याला पैसा मिळतो त्याच क्षणी कायद्याने घर जातं. त्या पैशातून तो नव्या घराची उरलेली रक्कम भरणार, मग तिथला ताबा मिळणार, मग रंग, पाणी, गॅस, सामान. हे एका दिवसात होत नाही. मधले पंधरा दिवस किंवा दोन महिने त्याने कुठे जायचं? म्हातारे आईवडील, दहावीची मुलगी आणि तीस वर्षांचा संसार टेम्पोत भरून दोन महिन्यांसाठी भाड्याचं घर शोधायचं, दलाली द्यायची, पुन्हा सामान हलवायचं? हे माणुसकीला धरून नाही. म्हणून विकणारा "थोडे दिवस राहू द्या" म्हणतो, तेव्हा तो गैर काही मागत नसतो.

यावर वकील मंडळी एक सरळ उत्तर देतात: मग खरेदीखतच उशिरा करा. आधी साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, करा, बयाणा द्या, आणि ताबा द्यायची तयारी झाली की खरेदीखत आणि किल्ली एका दिवशी. जिथे जमतं तिथे हेच उत्तम, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या विकणाऱ्याकडे नव्या घरापुरता पैसा आधीच आहे त्याने दुसरं काही मागूच नये. पण बहुतेकांकडे तो नसतो, आणि घेणाऱ्याच्या कर्जमंजुरीलाही मुदत असते. तिथे हे उत्तर शहाणपणाचं असूनही उपयोगाचं नाही.

आता कायदा काय म्हणतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमात विकणारा आणि घेणारा यांची कर्तव्यं लिहिली आहेत. घेणाऱ्याने मागितल्यावर ताबा द्यायचा, हे विकणाऱ्याचं कर्तव्य. पण त्याच कलमात एक गोष्ट आहे जी सही करताना मला कुणी सांगितली नव्हती: मालकी एकदा घेणाऱ्याकडे गेली की मिळकतीचं जे नुकसान विकणाऱ्याच्या हातून झालेलं नाही, ते घेणाऱ्याने सोसायचं. म्हणजे त्या आठ महिन्यांत वरच्या मजल्यावरून पाणी झिरपून छत पडलं असतं, शॉर्टसर्किट होऊन स्वयंपाकघर जळलं असतं, तर ज्या घरात आम्ही एक रात्रही झोपलो नव्हतो त्याचं नुकसान आमचं होतं. आणि काका-काकूंच्या बाजूने बघा. त्यांच्या हातात तिथे राहण्याचा एक ओळीचाही हक्क नव्हता. त्यांनीच लिहून दिलं होतं की ताबा दिला. आम्ही दुष्ट असतो आणि एखाद्या दुपारी ते बाहेर गेले असताना कुलूप बदललं असतं, तर त्यांनी दाखवायचं काय होतं? ते खोटं वाक्य दोघांच्याही गळ्याशी होतं.

पैशाचा हिशेब तर आपण करतच नाही, कारण तो करणं असभ्य वाटतं. एकदा करू या. फ्लॅट ८० लाखांचा, घेणाऱ्याने ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं. हप्ता साधारण ५२,०००. पहिल्या महिन्यात त्यातलं ४२,५०० निव्वळ व्याज. हे व्याज तो अशा घरासाठी भरतो ज्याचं दार त्याला उघडता येत नाही. दुसरीकडे विकणाऱ्याच्या खात्यात ८० लाख आले. ते सात टक्क्यांनी महिनाभर पडून राहिले तरी ४६,००० च्या वर व्याज होतं. पैसा नव्या बिल्डरला दिला असेल तर व्याज नाही, हे खरं. तरीही घर आणि घराची किंमत दोन्ही एकाच बाजूला आहेत, आणि फुकट राहणं म्हणजे घेणाऱ्याने न विचारता दिलेली देणगी आहे. तीसुद्धा अशा माणसाने, जो त्या दोघांत बहुधा जास्त कर्जबाजारी असतो.

मग दर काय असावा? काही घेणारे पूर्ण हप्ता मागतात. ते मला पटत नाही. हप्त्यातला मुद्दलाचा भाग ही घेणाऱ्याची स्वतःची बचत आहे, ती विकणाऱ्याने का भरावी? शिवाय ८० लाखांच्या फ्लॅटला आपल्याकडे जे भाडं येतं ते साधारण त्या हप्त्याच्या निम्म्याहून कमीच असतं. माझ्या मते ठरलेल्या मुदतीपर्यंत त्या इमारतीत चालू असलेलं भाडं घ्यावं, एक रुपयाही जास्त नको. मुदत संपल्यावर मात्र दर इतका चढा असावा की उशीर करणं परवडू नये. पहिला भाग सोयीचा आहे, दुसरा शिस्तीचा. दोन्ही आधीच लिहिलेले हवेत, कारण भांडण सुरू झाल्यावर दर ठरवणं म्हणजे आगीत उभं राहून विम्याचा फॉर्म भरणं.

महाराष्ट्रात यासाठी नवा कायदा करायची गरज नाही, हे मला नंतर कळलं आणि स्वतःचाच राग आला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. राहायला दिलेल्या जागेचा लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार, लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे, असं त्याचं कलम ५५ सांगतं. ही जबाबदारी मालकाची. करार नोंदवला नाही तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खरेदीखत झालं त्या दिवशी मालक आम्ही होतो. म्हणजे आम्ही काकांकडून भाडं घेतलं असतं आणि कागद केला नसता, तर गुन्हेगार आम्ही ठरलो असतो. हे घर घेणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत आहे?

याच कायद्याचं कलम २४ मोलाचं आहे. लायसन्सची मुदत संपली आणि राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर मालकाला दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत नाहीत. या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथली पद्धत झटपट निकालाची आहे, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. चढा दर म्हणजे काय, हे कायद्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. खर्चही किरकोळ. दोन महिन्यांचे ५०,००० भाडं धरलं तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क १२५ रुपये. अनामत रकमेवरचं धरूनही दीडशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. लाखो रुपयांचं मुद्रांक शुल्क भरून झालेल्या व्यवहारात हे बाराशे रुपये आपण वाचवतो, आणि त्या बदल्यात आठ महिन्यांची झोप घालवतो.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. तिथे घर विकून काही आठवडे भाड्याने तिथेच राहणं ही व्यवहाराची एक नेहमीची अट असते. कॅलिफोर्नियातल्या रिअल इस्टेट एजंटांच्या संघटनेने तर त्यासाठी दोन वेगळे छापील करार करून ठेवले आहेत. तीस दिवसांच्या आत असेल तर ताब्यात राहण्याचा परवाना, त्याहून जास्त असेल तर विक्रीनंतरचा भाडेकरार. कारण तीस दिवसांपुढे राहणाऱ्याला भाडेकरू म्हणून जास्त संरक्षण मिळतं. बहुतेक गृहकर्जांमध्ये घेणाऱ्याने साठ दिवसांत राहायला जावं अशी अट असते, त्यामुळे मुदतही आपोआप दोन महिन्यांच्या आत राहते. मला यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. तिथे हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला जातो, किमतीच्या बोलणीबरोबर. आपल्याकडे तो सही झाल्यावर जिन्यात विचारला जातो.

इथे एक मोठा इशारा दिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. विकून तिथेच राहणं याचा दुसराही चेहरा आहे, आणि तो भयंकर आहे. इंग्लंडमध्ये २००० नंतरच्या दशकात कर्जाचे हप्ते थकलेल्या लोकांना गाठून काही कंपन्या सांगायच्या, घर आम्हाला कमी किमतीत विका, भाड्याने तिथेच राहा, हवं तितकी वर्षं. तोंडी आश्वासन आयुष्यभराचं असायचं. घेणाऱ्याने त्याच घरावर कर्ज काढलेलं असायचं, तो बुडाला की बँक दारात. असं एक प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये निकाल बँकेच्या बाजूने लागला. विकणाऱ्यांना मिळालेलं वचन बँकेवर बंधनकारक नाही, असं ठरलं. त्याआधी २०१२ मध्येच तिथल्या वित्तीय नियामकाने तपासणी करून हा बाजार जवळपास बंद पाडला होता. बहुतेक व्यवहार लोकांना न परवडणारे किंवा त्यांच्या हिताचे नसलेले निघाले होते.

हे वाचून विलायतेला नावं ठेवायचं कारण नाही. आपल्या गावांमध्ये सावकारीची ही जुनीच रीत आहे. मुलीच्या लग्नाला दोन लाख घेतले, सावकाराने गहाणखत न करता सरळ खरेदीखत करून घेतलं, घरात किंवा शेतात कुटुंब तेच राहिलं, व्याजाला भाडं म्हटलं. "पैसे दिले की फिरवून देतो" हे तोंडी. ही चलाखी कायद्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणूनच परत विकण्याची अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही, अशी दुरुस्ती १९२९ सालीच झाली. पण तिचा उलटा फटका तोंडी वचनावर विसंबलेल्या कर्जदारालाच बसला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने जिल्हा निबंधकाला चौकशी करून अशी मिळकत परत देवविण्याचे अधिकार दिले, हे चांगलं झालं. पण अधिकार असणं आणि अडाणी माणसाने तिथपर्यंत पोहोचणं यात अंतर आहे.

म्हणून मी सोय मागते तेव्हा छोटी मागते. नव्वद दिवस, त्यापुढे नाही. किंमत बाजाराची, परत विकण्याचं वचन नाही, मुदत तारखेनिशी. किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, खूप खाली आहे, विकणारा वर्षानुवर्षं तिथेच राहणार आहे आणि भाडं व्याजासारखं वाटतं आहे, अशी खूण दिसली तर तो व्यवहार विक्री नाही, कर्ज आहे, आणि निबंधकाने त्याकडे तसंच बघावं.

"पण विश्वास म्हणून काही आहे की नाही?" असं माझे वडील मला म्हणाले होते. २०२३ मध्ये त्यांचं घर विकायची वेळ आली तेव्हा. आई गेल्यावर ते माझ्या जवळ राहायला येणार होते, आमच्याच गल्लीत एक फ्लॅट बघितला होता, तिथल्या कामाला सहा आठवडे लागणार होते. या वेळी "राहू द्या" म्हणणारे आम्ही होतो. घेणारं जोडपं तरुण, भलं, अगदी २०१७ मधल्या आमच्यासारखं. ते म्हणाले, आजोबा, राहा की, कागद कशाला. मीच म्हटलं, कागद करायचा.

वडिलांना ते लागलं. चौतीस वर्षं ज्या घरात राहिलो, जिथे तुमची बारशी झाली, तिथे मी आता लायसन्सी? त्यात पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायचा फॉर्म आला आणि सोसायटीने कायद्याप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सेवाशुल्काच्या दहा टक्के, लावले. ज्या सोसायटीचे ते दोनदा सेक्रेटरी होते, तिने त्यांना बिगरसभासद मानलं. ते दोन दिवस जेवले नीट नाहीत. हे दुःख खरं होतं आणि कुठल्याही कराराने ते पुसलं जात नाही. पण मी त्यांना एकच सांगितलं, बाबा, घर तुम्ही खरेदीखताच्या दिवशी सोडलंत, हा कागद फक्त ते खरं लिहितो आहे. आणि विश्वासाबद्दल म्हणाल तर काका-काकूंवर आमचा विश्वास होता, त्यांचा आमच्यावर होता. कागद नव्हता म्हणून तो विश्वास टिकला नाही. दर आठवड्याला फोन करून "कधी जाताय" विचारावं लागलं की विश्वास झिजतो. तारीख लिहिलेली असली की कुणाला विचारावंच लागत नाही.

आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. खरेदीखतात ताबा दिल्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं नाही. मालकी आज गेली, विकणारे आजपासून पंचेचाळीस दिवस लायसन्सवर राहतील आणि त्याचा स्वतंत्र नोंदणीकृत करार आहे, असं लिहिलं. भाडं इमारतीतल्या दुसऱ्या फ्लॅटइतकं, पूर्ण मुदतीचं आगाऊ. घेणाऱ्याच्या स्वतःच्या पैशातले तीन लाख त्यांच्याकडेच अनामत म्हणून राखून ठेवले, ताबापावतीवर सही झाली की देण्यासाठी. मीटरचं रीडिंग, गीझर, पंखे, जाळीचं दार, कुठे ओल आहे, कुठली फरशी फुटली आहे, याची यादी फोटोंसह. मेंटेनन्स आणि वीज ताबा देईपर्यंत आमच्याकडे, घराचा विमा त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून. एकोणचाळिसाव्या दिवशी वडिलांनी घर सोडलं. उरलेल्या सहा दिवसांचं भाडं घर घेणाऱ्या त्या मुलाने परत दिलं. करारात तसं काही नव्हतं.

आता सरकारकडे मागणं. नोंदणी विभागाचं मुख्यालय पुण्यातच आहे आणि भाडेकराराची नोंदणी घरबसल्या आधारच्या आधारे होऊ लागून बरीच वर्षं झाली. मग खरेदीखताच्या नोंदणीत विक्रीची तारीख आणि ताब्याची तारीख असे दोन वेगळे रकाने का नसावेत? दुसरी तारीख पुढची भरली तर लायसन्सचा ठरावीक नमुना आपोआप जोडला जावा आणि दोन्ही दस्त एकाच भेटीत नोंदवले जावेत. उशिराची किंमत सरकारला कळत नाही असं नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत दिले नाहीत तर बँकेने दिवसाला ५,००० रुपये द्यावेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ठरवलं. नव्या इमारतीचा ताबा लांबला तर रेराखाली, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली, बिल्डरला व्याज द्यावं लागतं. जुन्या घराची विक्री, जिथे दोन साधी कुटुंबं समोरासमोर असतात, तिथेच काही नाही. आमच्या काका-काकूंसारख्या माणसांवर एका बाजूने बिल्डर आणि दुसऱ्या बाजूने आम्ही, असा दुहेरी दाब येतो. त्यांना निदान किती दिवस आणि किती रुपये हे तरी ठाऊक असावं.

तो नमुना येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांचं खरेदीखत पुढच्या आठवड्यात आहे, त्यांनी आपल्या वकिलाला नवव्या पानावरच्या त्या वाक्याजागी एवढं लिहायला सांगावं: "सदर मिळकतीची मालकी आजरोजी लिहून घेणार यांच्याकडे आली आहे. लिहून देणार हे सोबतच्या नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करारानुसार अमुक तारखेपर्यंत तेथे राहतील, व त्या दिवशी सायंकाळी सहापर्यंत रिकामा ताबा व सर्व किल्ल्या देऊन ताबापावती घेतील."